जास्तीचा पाटा

मी गाडीखाली उताणी पडले होते, तेव्हा माझी होणारी सासू दुकानात आली. मला तिची फक्त पावलं दिसली. जाड कोल्हापुरी चपला, नखांत द्राक्षबागेवर फवारलेल्या मोरचुदाचा निळा रंग, आणि चाल अशी, की आमच्या दुकानाची फरशीसुद्धा आपल्याच सातबाऱ्यावर असावी.

"व्याही, हायसा का?"

"या आक्का, बसा," आण्णा म्हणाले आणि त्यांनी भात्याचा दांडा सोडला.

लग्न आठ दिवसांवर आलेली मुलगी गाडीच्या पोटाखाली ग्रीस पुसत पडलेली दिसणं काही बरं नव्हतं. मी पाय आत ओढून घेतले.

ताराक्का बसल्या नाहीत. "दोन गोष्टी बोलायच्या हुत्या. पयली म्हंजे, वरातीला आमच्या हिंदुरावाची बाजू वर ऱ्हायली पायजे."

"बरं," आण्णा म्हणाले.

"दुसरी, लगीन झाल्यावर शालननं भट्टीवर पाय ठिवायचा न्हाई. आमीबी लोहारच, न्हाई म्हणत न्हाई. पर आमच्या घरातली भट्टी आमी इझवली. आता बाग हाय. ताराक्काची सून घण मारती, असं कुणी म्हणाय नगं."

भट्टीतला निखारा फुटल्याचा आवाज झाला. मग आण्णा मघाच्याच सुरात म्हणाले, "बरं."

पावलं आली तशी निघून गेली. मी गाडीखालून बाहेर आले तेव्हा आण्णा चिमटा हातात धरून उगाच भट्टीत बघत उभे होते.

तासगावात एसटी स्टँडच्या मागे आमचं कमानपाट्याचं दुकान होतं. जुन्या मोटारींच्या, जीपांच्या, ट्रकांच्या चाकांवर पोलादी पट्ट्यांची एकावर एक रचलेली कमान असते. त्यातल्या एकेका पट्टीला पाटा म्हणायचं. पाटे मोडले किंवा वजनानं सपाट झाले की लोक आमच्याकडे येत. पाटा भट्टीत लाल करायचा, ठोकून त्याला वाक द्यायचा, तेलात बुडवायचा. आण्णा चिमट्यात पाटा धरून छोट्या हातोडीनं जागा दाखवत, आणि त्या जागेवर घण पडे तो माझा. आई मी लहान असतानाच गेली, भाऊ नव्हता, आणि ठेवलेला गडी आमच्याकडे दिवाळीच्या पलीकडे टिकत नसे. एकदा जॅक सटकून आण्णांचा उजवा खांदा निखळला, तेव्हापासून घण त्यांना उचलतच नव्हता. मी भट्टी सोडली की दुकानाला कुलूप लागणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर दुकानापेक्षा मला माझंच जास्त वाईट वाटत होतं. घण मारायला मला आवडायचं. बायकांना दळताना ओव्या सुचतात म्हणतात, मला घण मारताना डोकं शांत व्हायचं.

आता वरातीची बाजू म्हणजे काय, ते सांगायला हवं. मी ज्या गाडीखाली पडले होते ती 'मावशी'. पिस्त्याच्या रंगाची, वरून उघडी, दोन्ही अंगांना लांब फूटबोर्ड असलेली जुनी शेवरोले. भंगारात निघाली होती, आण्णांनी हट्टानं वाचवली. तालुक्यात कुणाचंही लग्न असो, वरात मावशीतूनच निघायची आणि मावशी आण्णाच चालवायचे. एकदा एका तलाठ्याच्या वरातीत मागचा उजवा पाटा मोडला आणि नवरदेवाची बाजू खाली बसली. पुढे तो तलाठी बायकोच्या पुढ्यात मान वर करीना, उलट सकाळी नळावर पाण्याला उभा राहू लागला. झालं. त्या दिवसापासून गावानं ठरवूनच टाकलं, की वरातीत ज्याची बाजू वर, त्याचा शब्द घरात वर. मग प्रत्येक लग्नाच्या आधी वरमाय गुपचूप दुकानात यायची, 'आमची बाजू जरा वर ऱ्हाऊ द्या' म्हणायची. ती गेली की नवरीची मावशी नाहीतर आजी हजर. आण्णा सगळ्यांना 'बरं' म्हणायचे. वरातीच्या सकाळी मला चहा सांगायला पाठवून मागच्या चाकाशी शेवटचा हात ते स्वतः मारायचे. मी समजायचे, काहीच करत नसणार. कारण दोन्हीकडच्यांना वरातभर आपलीच बाजू वर दिसायची आणि सगळे खूश असायचे.

पण हे लग्न माझं होतं.

"आण्णा, तुम्ही बरं कशाला म्हणालासा?"

"मग काय म्हणू? आठ दिसांवर लगीन आलंय. भांडण काढू?"

"आणि भट्टीचं?"

"बघू."

आण्णांचं 'बघू' हा त्यांच्या 'बरं'चा धाकटा भाऊ होता. दोघांकडूनही आजवर काही काम झाल्याचं मला आठवत नव्हतं. मी पाना आपटला आणि परत गाडीखाली गेले.

मावशीचे मागचे पाटे पार थकले होते. वर्षानुवर्षं करवल्या, मित्र आणि पोरंटोरं लोंबकळून त्यांचा वाक गेला होता. खड्ड्यात गाडी गेली की खाली दणका बसायचा. आण्णांनी माझ्या लग्नासाठी दोन्ही बाजूंना नवे पाटे घालायचं ठरवलं होतं, मिरजेहून पोलाद आणलं होतं. ते पाटे आम्ही दोघांनी मिळून घडवले. एरवी आण्णा हातोडीनं भराभर जागा दाखवायचे. त्या आठवड्यात मात्र एकेका पाट्याला उगाच दोनदा भट्टीत घालत होते. "अजून जरा वाक दे," म्हणायचे. वाक बरोबर होता. मला कळत होतं, पण मीही घण उचलत होते. शेवटचा पाटा तेलात बुडाला आणि चर्र झालं, तेव्हा आण्णा धुराच्या निमित्तानं डोळे पुसत बाहेर गेले. मला त्यांचा इतका राग आला होता आणि इतकी माया येत होती, की दोन्हींचं काय करावं ते समजेना. त्यानंतर आत्या आल्या आणि त्यांनी मला घरात कोंडलं. पाटे दुकानातल्या शिकंज्यात दाबून गाडीला चढवले ते आण्णांनी एकट्यानं.

हळद लागलेल्या मुलीनं उंबरा ओलांडू नये म्हणतात. मी हळदीच्या दिवशी दुपारी, सगळे जेवून मांडवात आडवे झाल्यावर, मागच्या दारानं दुकानात गेले. कशाला, तर मावशीला एकदा बघून घ्यावं म्हणून. खरंच तेवढ्याचसाठी. पण समोरून बघितलं तर गाडी डावीकडं कलली होती. नवरी बसते ती डावी बाजू खाली, नवरदेवाची उजवी वर. मी वाकून पाहिलं. उजव्या कमानीत एक पाटा जास्त होता.

मी तिथंच मांडी घालून बसले. इतक्या जणींना बरं म्हणून काही न करणाऱ्या माझ्या बापानं पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकलं होतं, आणि ते माझ्या विरुद्ध. रडू आलं, पण डोळ्यांतलं काजळ आत्यांना दिसलं असतं. मग मी जॅक लावला.

यू-बोल्ट सैल केले, मधला बोल्ट काढला, जास्तीचा पाटा ओढून बाजूला घेतला आणि सगळं परत आवळलं. हळदीनं हात निसरडे झाले होते आणि पान्यावर पिवळे डाग पडले होते. माझी बाजू वर करायचा मोह झाला नाही असं नाही. पण म्हटलं, नको. सपाट असू दे. निदान न्याय तरी असू दे. गाडी खाली उतरवून समोरून पाहिली, तर अगदी पाण्याच्या पातळीत उभी होती. काढलेला पाटा दुकानात ठेवला असता तर आण्णांच्या नजरेला पडला असता, म्हणून डिकीत जुन्या गोणपाटाखाली सरकवला आणि घरात येऊन निजल्याचं सोंग घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तासगावात लग्न लागलं आणि दुपारी आम्ही मणेराजुरीला निघालो. सासर तिथंच. पाठवणीला बाप मांडवाच्या खांबाला धरून रडतात, माझा बाप मला सोडायला स्वतःच गाडी चालवत निघाला होता. मुलीला मागं बसवून पुढं बघत राहायचं, म्हणजे रडलं तरी कुणाला दिसत नाही. तिथल्या वेशीजवळच्या मारुतीपाशी बँड उभा होता. ऊन उतरलं होतं. नारळ फुटला, क्लॅरिनेटवाल्यानं सूर लावला आणि वरात सुरू झाली.

माझ्या नवऱ्याबद्दल मी अजून काही सांगितलं नाही, कारण तोवर मलाही फारसं माहीत नव्हतं. हिंदुराव मला बघायला आले होते तेव्हा सबंध वेळ पोह्यांच्या बशीकडे बघत होते आणि जाताना एकच प्रश्न विचारला होता, "मावशी कितव्या सालची?" तालमीतलं अंग, दरवाजातून आत येताना आडवं व्हावं लागावं असे खांदे. आणि मी त्या काळी अगदी पावशेर वजनाची.

वेशीपाशी ते वऱ्हाडाच्या गाडीतून उतरून माझ्या शेजारी बसले आणि मावशी उजवीकडे कलली. त्यांचे तीन मित्र त्यांच्याच बाजूच्या फूटबोर्डवर चढले आणि मावशी आणखी कलली. आता माझी बाजू अशी काही वर गेली, की पलीकडच्या माडीवरची माणसं माझ्या पायांतली जोडवी बघू शकली असती.

गर्दीत लगेच कुजबुज सुरू झाली. "नवरीची बाजू वर हाय गं." "ताराक्काचं काय खरं न्हाई आता." ताराक्का गाडीच्या बाजूनं चालत होत्या. त्यांनी एकदा गाडीकडं पाहिलं, एकदा आण्णांच्या पाठीकडं, आणि ओठ आवळले.

मी जिंकले होते. पण जिंकण्यात एक अडचण होती. आण्णांनी सीटला नवं रेक्झिन लावलेलं, माझ्या अंगावर शालू. वरच्या बाजूला बसलेलं माणूस रेशमात गुंडाळून रेक्झिनवर ठेवलं, तर ते खाली घसरणारच. मी दाराला धरलं, पाय रोवले, तरी प्रत्येक धक्क्याला चार बोटं नवऱ्याकडं सरकत होते. परत वर चढून बसायचं, परत घसरायचं. चौथ्या वेळी मी थेट त्यांच्या दंडावर आपटले आणि मुंडावळ्या त्यांच्या फेट्यात अडकल्या. बघणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

हिंदुराव समोर बघतच हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता हितंच. वर चढून काय उपेग?"

मला हसू फुटलं. मग मीही समोर बघत सांगून टाकलं, "पाटा मी काढला. तुमच्या बाजूचा. काल."

"हळदीत?"

"व्हय."

त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं रागावले. मग त्यांचा खांदा हलतोय असं जाणवलं. ते आवाज न करता हसत होते. "आईला सांगू नगंसा," ते म्हणाले. "पर मला एकदा शिकवा."

तेवढ्यात रबर जळाल्याचा वास आला. उजवं मागचं चाक मडगार्डला घासत होतं, प्रत्येक फेऱ्याला खर्र, खर्र. आण्णांनी गाडी थांबवली. बँड दोन सूर पुढं गेला आणि तोही थांबला. चौकात सगळं गाव गोळा झालं.

आण्णा खाली उतरले, चाकाशी वाकले, आणि वर बघितलं ते सरळ माझ्याकडं. त्यांना एका नजरेत कळलं होतं.

"काय झालं, व्याही?" ताराक्कांनी विचारलं.

"काय न्हाई आक्का. माझ्याच हातनं चूक झाली. पाटा कमी घातला."

ताराक्कांचा चेहरा बदलला. एवढ्या माणसांत त्या आता आण्णांना काय काय बोलतील, ते मला दिसत होतं. मी उभी राहिले. गाडी उघडी असल्यानं सगळ्यांनाच दिसले.

"आण्णांनी बरोबर घातला होता," मी म्हणाले. "मी काढला."

"तू?" ताराक्कांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "कवा?"

"काल दुपारी."

"हळद लागल्याली असताना?"

"व्हय."

"कशापायी?"

"तुमची बाजू वर दिसली, म्हणून."

क्लॅरिनेटवाल्यानं तोंडाजवळ नेलेला क्लॅरिनेट तसाच खाली घेतला. आण्णा कपाळावरचा घाम पुसत मध्ये आले. "शालन, अगं खुळे, रिकाम्या गाडीकडं बघून काय कळतंय? जावई अंगानं भरलेले. तू वाळलेली. त्यात दोस्त मंडळी नवरदेवाच्याच अंगाला लोंबकळत्यात. दोघं बसल्यावर गाडी सपाट ऱ्हावी म्हणून त्या बाजूला पाटा जास्तीचा लागतोय."

"सपाट?" ताराक्का म्हणाल्या. "मग मला बरं म्हणालासा ते?"

"समद्यास्नीच म्हणतो आक्का." आण्णांचा आवाज अगदी बारीक झाला. "आजवर एकबी वरात कललेली काढली न्हाई म्या. आदल्या दिशी नवरा-नवरीला लांबनं बघून यायचं, आन् मग पाटा बसवायचा. लेकरांचा संसार सुरू हुतोय, कुणीबी घसराय नगं."

"माझ्या लेकीच्या, सुमनच्या लग्नातबी?"

"तवाबी सपाट."

"तरीच," ताराक्का म्हणाल्या. तरीच काय, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

मी आण्णांकडे बघत होते. इतकी वर्षं मला चहा सांगायला पाठवून ते चाकाशी काय करत होते, ते मला मणेराजुरीच्या चौकात, शालू नेसून, सगळ्या गावासमोर कळलं. पाटा त्यांनी माझ्या विरुद्ध घातला नव्हता, माझ्यासाठीच घातला होता. आता मात्र काजळाची पर्वा न करता मी रडले.

"रडून पाटा बसतोय व्हय?" ताराक्का म्हणाल्या. "कुठं हाय त्यो?"

"डिकीत."

"काढाय येतो तर घालायबी येत आसंल की. उतर खाली. माणसं ताटकळल्यात."

मी उतरले. हिंदुरावांनी खांद्यावरचा शेला काढला आणि काही न बोलता चाकाशेजारी रस्त्यावर अंथरला. मी पदर खोचला आणि त्यावर आडवी झाले. आण्णांनी जॅक लावला. बोल्ट सैल झाले, जास्तीचा पाटा मी जागेवर सरकवला, पण नवे पाटे ताठ होते, एकावर एक दाबून बसेनात आणि मधला बोल्ट पलीकडं निघेना. आण्णांनी सब्बल घातली, पण तो खांदा. जोर पुरेना. हिंदुराव पुढं झाले आणि नेमका चुकीच्या जागी दाब दिला.

"सरक तिकडं," असं कानावर आलं आणि माझ्या तोंडाजवळ एक हात आला. मोरचुदाची निळी नखं. ताराक्का गुडघ्यांवर बसल्या होत्या. त्यांनी सब्बल हलवून बरोबर कमानीच्या मध्यावर टेकवली आणि सगळं अंग तीवर टाकलं. पाटे चिकटले. "घाल आता," त्या दातांमधून म्हणाल्या.

बोल्ट गेला. मी आवळत असताना आण्णा म्हणाले, "आक्का, हात अजून बसल्याला हाय की."

"न बसाय काय झालं? आमच्या मालकास्नी दमा हुता. लय वर्सं घण म्याच मारला. घर त्याच्यावर चाललं. आन् बाहेर पडलं की ह्याच चौकातली माणसं 'आली बघा घणवाली' म्हणून हसायची." त्यांनी सब्बल सोडली नाही. "बाग झाली आन् पयली भट्टी इझवली. वाटलं, ही पोरगी तरी सुटंल."

"मला सुटायचं नाही," मी म्हणाले. खाली पडलेल्या माणसाला भीती कमी वाटते की काय कोण जाणे, पण तेवढंच तोंडातून गेलं.

पोरांचा घोळका आमच्यावर वाकून बघत होता. ताराक्कांनी मान वर करून आवाज चढवला, "बघाय काय तमाशा हाय? मागं सरा. उजेड पडू द्या तिच्या हातावर."

दिवेलागणीला वरात दारात पोचली. मावशी सपाट होती, मी माझ्या जागेवर बसले होते. शालूला ग्रीस लागलं होतं आणि हिंदुरावांचा शेला तर धुऊनही पुढं कधी पांढरा झाला नाही. माप ओलांडलं, देवदर्शन झालं, पूजा झाली. त्या सगळ्यात भट्टीचा विषय कुणी काढला नाही. ताराक्का माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघून अंदाज बांधायचे आणि तो दर वेळी चुकायचा. आण्णा गावाकडं एकटे असतील, ट्रकवाले येऊन परत जात असतील, ह्या विचारानं मला घास उतरत नव्हता.

पाहुणे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून चुलीपाशी आले. ताराक्का भाकरी थापत होत्या. मी पीठ मळायला बसणार, तर त्यांनी हातानंच थांबवलं आणि पाट पुढं सरकवला. ताटात गरम भाकरी, पिठलं, वर लोण्याचा गोळा. शेजारी फडक्यात बांधलेली आणखी चार भाकऱ्यांची चवड.

"ही व्याह्यांची," त्या म्हणाल्या. "एसटी आठला हाय. आन् एक ध्येनात ठेव, आमच्या घरातलं माणूस उपाशीपोटी घण मारत न्हाई. आदी खा."